ठेव कुठे ठेवली, घरात सांगा

श्रोतेहो, आपल्या जिंतूर भागात कापूस-सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. उसनवारी भागवून जे उरते, ते घरातले आजोबा पतसंस्थेत ठेवतात. व्याज थोडे जास्त, शिवाय चेअरमन ओळखीचा! नातू मोबाईलवरून पैसे पाठवण्यात पटाईत. पण आजोबांची पावती कोणत्या पेटीत आहे, हे त्याला ठाऊक नसते.

इथे एक फरक दोघांनीही ओळखावा. बँक बुडाली, तर त्या बँकेच्या सर्व शाखांतल्या ठेवी मिळून, व्याज धरून, एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. २०२० पूर्वी ते १ लाखच होते. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र येत नाही, मग ती मल्टिस्टेट का असेना. भिशीचे तर विचारूच नका.

दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसांचा हक्क बुडत नाही; पण खाते होते, हे तरी त्यांना कळायला हवे ना? २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा ठेवी शोधता येतात. ते काम नातवाचे. आजोबांनी पासबुक पेटीबाहेर काढून, त्यावरचा नॉमिनी अजून हयात आहे ना, तेवढे पाहावे.