कायद्याची चौकशी गावाच्या चावडीवर



मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या फायलींवर आणि नगरवाचनालयातल्या पुस्तकांवर. तेव्हा विषयाची मांडणी मी कामगाराच्या हिशेबानेच करणार. ती आपण गोड मानून घ्यावी.

संसद म्हटली की सभागृहातली भाषणे डोळ्यांपुढे येतात. पण कायद्याची खरी झाडाझडती होते ती समितीत. आपल्याकडे १९९३ साली खातेवार स्थायी समित्या स्थापन झाल्या. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सभासद असतात. मात्र लोकसभेच्या नियमांप्रमाणे समितीची बैठक खाजगी असते आणि ती संसदेच्या आवारात भरते. अन्यत्र भरवायची तर प्रश्न सभापतींकडे जातो. समित्या अभ्यासदौरे काढतात, ते चांगलेच आहे. पण दौरा म्हणजे उघडी सुनावणी नव्हे.

आता इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराने आपल्याच मजुरीच्या कायद्यावर साक्ष द्यावयाची म्हटली, तर दिल्लीच्या जाण्यायेण्यात त्याचे चार दिवस जाणार, आणि चार दिवसांचा रोज बुडणार. मग जातात कोण? मालकांच्या संघटना, वकील, आणि आमच्यासारखे पुढारी. आम्ही सांगतो ते खोटे नसते. पण ज्याचे जळते त्याच्या तोंडून निघालेला शब्द निराळा, हे मी पुढारी असूनच सांगतो.

दक्षिण आफ्रिकेने याबाबतीत एक पाऊल पुढे टाकले. तेथल्या १९९६ च्या राज्यघटनेत लिहिले आहे की, कायदे करताना जनतेला सहभागी करून घेणे हे संसदेचे कर्तव्य आहे. हे शब्द कागदावरच राहिले नाहीत. वर्णद्वेषी राजवटीत हिरावलेल्या जमिनी परत मागण्याची मुदत १९९८ अखेर संपली होती. २०१४ च्या कायद्याने ती पुन्हा उघडली. हेतू लोकहिताचाच. पण प्रांतोप्रांतीच्या सुनावण्या घाईघाईने उरकण्यात आल्या. लोकांना पुरेशी आगाऊ सूचनाही मिळाली नाही. जुन्या दावेदारांना आपला क्रम मागे जाईल अशी धास्ती होती. ते न्यायालयात गेले आणि २०१६ साली घटना न्यायालयाने तो कायदाच अवैध ठरविला. चांगला कायदासुद्धा लोकांना नीट न ऐकता करता येत नाही, हा त्यातला धडा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जमीन भरपाईविना घेता यावी की नाही, यावर २०१८ साली तेथल्या संसदीय समितीने नऊही प्रांतांत सुनावण्या घेतल्या. पुढे २०२१ साली घटनादुरुस्तीला २६७ मते हवी होती, पडली २०४. म्हणजे ऐकणे निराळे आणि निर्णय निराळा. समिती दारी आली म्हणून मागणी पदरात पडतेच, असे नाही.

कोणी म्हणेल, उघड्यावर सभासद गॅलरीकडे पाहून बोलतील. शंका रास्त आहे. म्हणून समितीचा आपसांतला विचारविनिमय खुशाल बंद दाराआड होवो; पण साक्ष उघड्यावर व्हावी.

तीही नुसत्या दिखाव्याची नको. बीडच्या ऊसतोड मजुरांसाठी समिती ऐन गळिताच्या हंगामात बीडला आली, तर तिला घरी म्हातारीकोतारी माणसे भेटतील. मजूर फडावर असतील. समितीने फडावर जावे, नाहीतर हंगाम संपल्यावर यावे. विधेयकाचा गोषवारा आधी मराठीत वाटावा. साक्षीदाराचा बुडालेला रोज सरकारने द्यावा. मालकाविरुद्ध बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढले जाणार नाही, अशी हमी असावी. नाहीतर तो तोंड उघडणार कसा? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याचे म्हणणे मान्य झाले की नाही, नसल्यास का नाही, हे अहवालात छापून यावे.

मंडळी, हे आपोआप होणार नाही. आपले खासदार पुढच्या वेळी गावात येतील, तेव्हा हार घालण्यापूर्वी एवढेच विचारा: साहेब, आपण कोणत्या समितीवर आहात, आणि ती समिती आमच्या गावी केव्हा येणार? उत्तर मिळेपर्यंत हार हातातच ठेवा.