जवळ म्हणजे किती जवळ?



'शाळा जवळच आहे', 'खाडी लांब आहे' असे आपण नित्य बोलतो. परंतु हेच शब्द शासकीय कागदावर उतरले की त्यांवर एखाद्या मुलाचे शिक्षण किंवा एखाद्या कुटुंबाचे घर अवलंबून राहते. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतर सांगितले आहे. सागरी किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत १००० चौरस मीटरहून अधिक तिवरांच्या क्षेत्राभोवती ५० मीटरांचा पट्टा राखण्याची तरतूद आहे. ही अंतरे आता संगणकावरील नकाशातून क्षणार्धात काढता येतात. मात्र यंत्राने दिलेला आकडा कशाचा आहे, हे आपणच जाणून घ्यावयास हवे.

पहिला प्रश्न असा की, अंतर कोठून मोजले? उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी यांच्यामध्ये आपला हा प्रदेश वसलेला आहे. लहान प्रमाणाच्या नकाशात खाडी एका रेषेने दाखवितात. त्या रेषेपासून मोजल्यास खाडीची अर्धी रुंदी अंतरात मिसळते आणि काठावरचे घर उगाच दूर भासते. गावाचेही तसेच आहे. अनेक पाड्यांचे गाव नकाशावर एका बिंदूत मावते. टोकाच्या पाड्यावरील मुलाची पायपीट त्या बिंदूत दिसत नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. अक्षांश-रेखांशांतील फरक म्हणजे मीटर नव्हेत. वसईच्या परिसरात रेखांशाचा १ अंश सुमारे १०५ किलोमीटर, तर अक्षांशाचा १ अंश सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो. म्हणून मोजणीपूर्वी नकाशा मीटरमधील प्रक्षेपणात आणावा लागतो. आपल्याकरिता जागतिक यूटीएम पद्धतीतील ४३ उत्तर हा विभाग योग्य होय.

तिसरा प्रश्न वाटेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. एखाद्या शाळेभोवती १ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढणे सोपे असते. परंतु वर्तुळ पाणी ओळखत नाही. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर लोकवस्ती आहे. समोरचा किनारा डोळ्यांना दिसतो. तथापि मध्ये समुद्र असल्यामुळे होडीवाचून गती नाही. वसईच्या खाडीतील पाणजू बेटाचीही अडचण पाण्याचीच. अशा ठिकाणी सरळ रेषेचे अंतर न घेता रस्ते, पूल आणि जलमार्ग यांच्या जाळ्यावरून अंतर काढावे, तसेच प्रवासाला लागणारा वेळही नोंदवावा. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारचे अनेक भाग जलमय झाले आणि नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून रेल्वे थांबली. उन्हाळ्यात जी वाट जवळची, ती पावसाळ्यात वाटच राहीलसे नाही.

याचा अर्थ संगणकावर अविश्वास दाखवावा, असा नव्हे. क्यूजीआयएससारखी विनामूल्य प्रणाली आज कोणत्याही कार्यालयास वापरता येते. शेकडो वस्त्यांपासून जवळची शाळा वा दवाखाना शोधण्याचे काम ती अल्पावधीत करते आणि कोणता पाडा सोयींपासून वंचित आहे, हे एका दृष्टिक्षेपात दाखविते.

म्हणून माझी विनंती एवढीच की, प्रस्तावात अंतर लिहिताना आरंभबिंदू, मार्ग आणि नकाशाचे वर्ष या तीन गोष्टी आवर्जून नमूद कराव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह घर ते शाळा ही वाट प्रत्यक्ष मोजावी. पंचायत सदस्यांनी ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. नकाशातील आकडा आणि पायांखालची वाट यांचा मेळ बसला, तरच शेवटच्या पाड्यापर्यंत योजना पोहोचेल.