फाइल आली, पण कोणती?

४ फेब्रुवारी २०२५ रोजी मोझिलाने फायरफॉक्स ब्राउझरची १३५ वी आवृत्ती प्रसिद्ध केली. लिनक्सवर ताजा फायरफॉक्स आपोआप उतरवून घेणाऱ्या ज्या ज्या स्क्रिप्टमध्ये गठ्ठा उलगडणाऱ्या टार या आज्ञेची ‘टार एक्सजेएफ’ अशी ओळ होती, ती प्रत्येक स्क्रिप्ट त्या दिवसापासून अडू लागली. पडद्यावर तक्रार उमटे ती बीझिप२ची : ही माझ्या प्रकारची फाइल नाही. लोक नेट तपासत, डिस्कवरची जागा तपासत, फाइल पुन्हा उतरवत. तक्रार मात्र तीच.

खरं म्हणजे फाइल धडधाकट होती. तोवर लिनक्ससाठीचा फायरफॉक्स बीझिप२ने आवळलेल्या गठ्ठ्यात मिळायचा. १३५ पासून तो एक्सझेडने आवळलेला मिळू लागला. नवा गठ्ठा सरासरी चतुर्थांशाने लहान आणि उलगडायला दुपटीहून वेगवान, म्हणून मोझिलाने हा बदल केला. रोज तयार होणाऱ्या ‘नाइटली’ आवृत्तीत तो नोव्हेंबर २०२४ मध्येच आला होता. स्क्रिप्टमधलं ‘जे’ हे अक्षर मात्र टारला अजून ‘बीझिप२च वापर’ असं बजावत होतं. ते एक अक्षर खोडून नुसतं ‘टार एक्सएफ’ लिहिलं की ग्नू टार फाइलचे पहिले काही बाइट वाचून प्रकार स्वतःच ओळखतो. मशीनवर एक्सझेड असलं की काम झालं.

अशा स्क्रिप्टची दुरुस्ती अवघड वाटते, कारण बिघाड एकीकडे असतो आणि आरडाओरडा दुसरीकडे होतो. टार ओरडतो तेव्हा चूक बहुधा त्याच्या दोन-तीन ओळी आधीच होऊन गेलेली असते, आणि त्या ओळींनी ‘झालं’ म्हणून सांगितलेलं असतं. म्हणून टारशी भांडण्याआधी हातात नेमकं काय आलं ते पाहावं. लिनक्सवर त्यासाठी ‘फाइल’ नावाचीच आज्ञा आहे. ती नावाला भुलत नाही, आतला मजकूर पाहते. उत्तर ‘एक्सझेड’ आलं तर एक वाट, ‘एचटीएमएल’ आलं तर वाट अगदी वेगळी.

एचटीएमएल का यावं? मोझिलाचा ‘ताजी आवृत्ती’ देणारा पत्ता स्वतः फाइल देत नाही. तो ३०२ हा क्रमांक देऊन ‘फाइल तिकडे आहे’ असं सांगतो. ब्राउझर निमूट तिकडे जातो, फाइल उतरवणारा वीगेटही जातो. त्याच कामाचा कर्ल मात्र सांगितल्याशिवाय जात नाही. त्याला ‘एल’ हा पर्याय द्यावा लागतो. तो नसला की पुढच्या पत्त्याची ती चिठ्ठीच फायरफॉक्सच्या नावाने डिस्कवर जपून ठेवली जाते. फाइलचा आकार पाहिला तरी हे कळतं : मेगाबाइटमध्ये असायला हवी ती फाइल बाइटमध्ये मोजावी लागते.

कर्लची आणखी एक सवय त्याहून घातक आहे. सर्व्हरने ४०४, म्हणजे ‘असं पान नाही’, असं उत्तर दिलं तरी कर्लच्या लेखी काम फत्ते. तो ते चूक सांगणारं पान साठवतो आणि शून्य हा यशाचा आकडा परत करतो. ‘एफ’ हा पर्याय दिला तरच तो २२ हा आकडा देऊन अपयश कबूल करतो. स्क्रिप्ट एका आज्ञेचं आउटपुट पाइपने थेट टारला देत असेल, तर आज्ञा चालवणाऱ्या बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ही चालू हवं. नाहीतर पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचाच निकाल धरला जातो.

आता पत्त्याभोवतीच्या अवतरणचिन्हांकडे येऊ. डोळ्यांना न दिसणारी सगळ्यात विचित्र चूक तिथेच आहे. मोझिलाच्या त्या ‘ताजी आवृत्ती’च्या पत्त्यात तीन गोष्टी सांगायच्या असतात : कोणतं उत्पादन, कोणती प्रणाली, कोणती भाषा. मराठी फायरफॉक्स हवा असेल तर भाषेच्या जागी ‘एमआर’ लिहायचं. या तिन्ही गोष्टी ‘अँड’च्या चिन्हाने जोडलेल्या असतात, आणि शेलमध्ये त्याच चिन्हाचा अर्थ ‘ही आज्ञा पार्श्वभूमीत चालू ठेव आणि पुढे जा’ असा होतो. पत्ता अवतरणात नसेल तर कर्लच्या हाती फक्त उत्पादनाचं नाव पडतं. प्रणाली आणि भाषा ही शेलची दोन बिनकामाची चलं होऊन बसतात. सर्व्हरला प्रणाली सांगितलीच नाही, तर तो विंडोज गृहीत धरतो. इकडे कर्ल मागे काम करत असताना स्क्रिप्ट पुढे निघते, आणि टार अजून पुरत्या न आलेल्या फाइलवर तुटून पडतो. दोन अवतरणचिन्हं घातली की हे सगळं मिटतं. ‘बॅश एक्स’ने स्क्रिप्ट चालवली तर प्रत्येक ओळ शेलला कशी दिसली ते पडद्यावर येतं, हा दोष शोधायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही.

काही स्क्रिप्ट ओरडतही नाहीत. फायरफॉक्स ९१ ते ९९ च्या काळात लिहिलेली, आवृत्त्यांच्या आकड्यांची यादी साध्या ‘सॉर्ट’ने लावून शेवटचा उचलणारी स्क्रिप्ट घ्या. मे २०२२ मध्ये १०० वी आवृत्ती आली. अक्षरांच्या क्रमाने ९९ हे १०० च्या नंतर येतं, म्हणून ही स्क्रिप्ट दर आठवड्याला इमानेइतबारे ९९ च उतरवत राहते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्या मालकापर्यंत पोचत नाहीत. इथे सॉर्टला मोठा ‘व्ही’ द्यावा. त्याहून बरं म्हणजे मोझिला ताज्या आवृत्तीचा आकडा जेसन फाइलमध्ये स्वतःच जाहीर करते, तो वाचावा.

प्रोसेसरचंही तसंच. रास्पबेरी पायसारख्या ६४ बिटी आर्म मशीनवर इंटेलसाठीची फाइल सुरळीत उतरते, उलगडतेही. चालवताना मात्र ‘एक्झेक फॉरमॅट’ची चूक येते. आर्म६४ लिनक्ससाठी मोझिलाची अधिकृत फाइल १३६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२५ पासून मिळते. स्क्रिप्टने आधी ‘यूनेम एम’ने मशीनचा प्रकार विचारून मगच पत्ता बनवावा.

फाइल उतरली की मोझिलाने त्याच आवृत्तीसोबत ठेवलेल्या शा२५६ बेरजांच्या यादीशी ती पडताळावी, आणि त्या यादीवरची सही जीपीजीने तपासावी. ब्राउझरमधून माणसं बँकेचे व्यवहार करतात. ही पायरी गाळायला घाईचं कारण पुरत नाही.

राहिला शेवटचा बदल. चालू असलेल्या फायरफॉक्सवरच नव्या फाइली ओतण्यापेक्षा प्रत्येक आवृत्ती ‘ऑप्ट’ या फोल्डरमधल्या वेगळ्या फोल्डरात ठेवून ‘फायरफॉक्स’ नावाचा दुवा तिकडे वळवणं सुरक्षित. पण ‘एलएन एसएफ’ने दुवा वळवू गेलं आणि जुना दुवा फोल्डरकडे बोट दाखवत असला, तर नवा दुवा त्या जुन्या फोल्डरच्या पोटात तयार होतो आणि आज्ञा यशस्वी ठरते. ‘एन’ जोडला की दुवा खरोखर वळतो. मग नव्या फायरफॉक्सलाच ‘व्हर्जन’ विचारावं, सुरुवातीला वाचलेल्या आकड्याशी ताडून पाहावं, आणि दोन्ही जुळले तरच जुना फोल्डर काढून टाकावा.