पाण्याचं विष कांद्याच्या मुळीला विचारा



नाल्याचं पाणी काळं पडलं, विहिरीला वास सुटला, की आपण बाटली भरून प्रयोगशाळेत देतो. कागद येतो. सामू इतका, क्षार इतके, सीओडी इतका. सगळं मर्यादेत! आणि ढोरं मात्र त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. खोटं कोण, कागद की ढोरं? कुणीच नाही. यादीत जेवढं तपासायचं ठरलं तेवढंच कागदावर येतं. सांडपाण्यात इतर कितीतरी रसायनं असू शकतात, आणि दोन एकत्र आली की तिसराच गुण दाखवतात. त्याला कागदावर रकाना नसतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीलाच विचारायचं ठरवलं. अमेरिकेत ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात जिवाणूंवरची चाचणी बसवली. पण आपल्या हातातली चाचणी कांद्याची. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं फक्त १६, आणि चांगली ठसठशीत. कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. स्वीडनमध्ये आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिन या रसायनाचा परिणाम तपासला. १९८५ साली तिथल्याच फिस्केशो या शास्त्रज्ञ बाईंनी प्रदूषण तपासण्याची प्रमाण पद्धत म्हणून ही चाचणी मांडली.

करायचं असं. एका आकाराचे बारके कांदे घ्या. उगवू नये म्हणून औषध मारलेला किंवा किरणं दिलेला कांदा नको. त्याची वाढ आधीच मारलेली असते. सुकलेल्या मुळ्या काढा, बुडखा दुखवू नका. पेल्याच्या तोंडावर कांदा असा बसवा की बुडखाच पाण्याला टेकेल. काही पेल्यांत संशयाचं पाणी, काहींत चांगलं. चांगल्या पाण्याची जोड नसेल तर सगळी मेहनत फुकट. उन्हात ठेवू नका, पाणी रोज बदला, चौथ्या-पाचव्या दिवशी मुळ्या मोजा. संशयाचं पाणी निम्मं, पाव असं पातळ करूनही लावा. कितव्या पातळीला वाढ निम्म्यावर येते, यावरून विषाचा जोर कळतो.

मग मुळीचं टोक घेऊन कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांकडे जा. मुळी खुंटली म्हणजे वाढ थांबली एवढंच. पण टोकाच्या पेशींत गुणसूत्रं तुटलेली दिसली, केंद्रकाचा तुकडा सुटा पडलेला दिसला, तर घाव पेशीच्या आनुवंशिक ठेव्यावर बसला आहे.

आता कांदा काय सांगत नाही तेही ऐका. विष कुठलं, कुणाचं, हे तो सांगत नाही. नुसत्या खारेपणानंही मुळी आखडते. आणि मुळी आखडली म्हणून गावाला कॅन्सर होणार, असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं तर टाळ्या वाजवू नका.

कायद्यातही जिवंत प्राण्याची साक्ष आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत माशांची चाचणी आहे: वेगळं पाणी न मिसळता, कारखान्यातून सुटणाऱ्या सांडपाण्यातच मासे सोडायचे आणि ९६ तासांनी १०० पैकी ९० जिवंत राहिले पाहिजेत. तेव्हा सांडपाण्याच्या तपासणीचा कागद हातात पडला की सीओडीच्या आधी हा आकडा शोधा. नसेल, तर कांद्याची मोजमापं, पाणी भरल्याची तारीख, वेळ आणि जागा लिहून जोडा, आणि माशांची चाचणी लेखी मागा. अर्जाची पोच घ्या.