बोटीवरचं जेवण आणि आपलं लुगडं

संध्याकाळची भांडी पडली असतील तर पडू द्या थोडा वेळ. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. मोठ्या प्रवासी बोटीवर, म्हणजे ज्याला क्रूझ म्हणतात त्या जहाजावर, रात्रीच्या जेवणाला काय घालून जायचं, हा विषय आहे. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, मग हे कशाला, असं वाटेल. पण हा विषय मी आणलेला नाही, तो गटाच्या बैठकीत आला.

झालं असं की हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि अंतर्गत कर्जाची मागणी विचारली. दारव्ह्याकडच्या एक मावशी म्हणाल्या, "मले पाच हजार पाह्यजे." कारण विचारलं, कारण वहीत लिहावंच लागतं. म्हणाल्या, "कपडे घ्याले." लग्नकार्य आहे का, तर नाही. पोरगा पुण्याला नोकरीला आहे. आईला साठ वर्षं झाली म्हणून त्यानं मुंबई ते गोवा बोटीचं तिकीट काढलं. आणि सून फोनवर म्हणाली की तिथं रात्रीच्या जेवणाला गाऊन लागतो. मावशी म्हणाल्या, "म्या तं रातचा झोपाचा गाऊनच पाह्यला माय. तो घालून चार लोकांत जेवाले बसाचं?"

सगळ्या पोट धरून हसलो. मग मात्र कोणीच हसेना, कारण मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, मी नाहीच जात, तब्येतीचं कारण सांगते.

म्हणून आज नीट सांगते. मी काही बोटीवर जाऊन आलेली नाही. पण वाचलं आहे, विचारलं आहे आणि त्या सुनेला आलेला कंपनीचा मेसेज स्वतः पाहिला आहे.

आधी बोट म्हणजे काय ते. आपल्या डोळ्यांपुढे नदीतली नाव येते. ही बोट म्हणजे तरंगती इमारत. मुंबईहून गोव्याला जाणारी आंग्रिया २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली होती, कान्होजी आंग्र्यांची आठवण देणारं नाव. नंतर २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाची मोठी बोट मुंबईहून सुटू लागली. या बोटीवर अकरा मजले आहेत. त्यात खोल्या, दुकानं, पोहण्याचा तलाव, नाटकाचं सभागृह आणि जेवणाच्या एकापेक्षा जास्त जागा असतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

जगभरातल्या बोटींवर रात्रीच्या कपड्यांचे साधारण तीन प्रकार सांगतात. एक कॅज्युअल, म्हणजे रोजचे नीटनेटके कपडे. दुसरा स्मार्ट कॅज्युअल, म्हणजे आपण बँकेत मॅनेजरला भेटायला जाताना जे घालतो ते. तिसरा फॉर्मल, म्हणजे लग्नातल्या जेवणाचे कपडे. सात रात्रींच्या सफरीत असा फॉर्मल दिवस एखाद-दुसराच येतो. त्या दिवशी साहेब लोक काळा कोट आणि बो लावतात, बाया लांब पायघोळ झगा घालतात. त्याला ते गाऊन म्हणतात. झोपायचा नव्हे!

आता मुख्य गोष्ट. या बाबतीत सगळ्यांत कडक मानली जाते ती कुनार्ड नावाची इंग्रजांची जुनी कंपनी, क्वीन मेरी २ ही बोट तिचीच. संध्याकाळी सहानंतर कोणत्या हॉलमध्ये काय चालेल हे त्यांनी लिहूनच ठेवलेलं असतं. पण त्यांच्याही यादीत कोट आणि गाऊनच्या जोडीला आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख चालतो. स्कॉटलंडचे पुरुष तिथं चौकड्यांचा घागरा घालून ऐटीत बसतात. म्हणजे आपली काठापदराची साडी तिथं पहिल्या नंबरात बसते. पैठणी पाहिजेच असं नाही, गौरी-गणपतीला नेसता तीही चालते. आणि आपल्या पुसद-दिग्रसकडच्या बंजारा बहिणींनी आरसे लावलेला फेटिया-कांचळी घातली तर माझं मत विचाराल तर त्या गाऊनवाल्या बाया फोटो काढायला मागे लागतील.

सुनेच्या मेसेजमध्येही हेच होतं. तिनं पहिले दोन शब्द वाचले आणि दुकानात पोचली. मी स्पीकरवर फोन लावून तिसरा शब्द तिला वाचून दाखवला, तेव्हा ती बिचारी म्हणाली, "अहो ताई, मला वाटलं आईंना तिथं कोणी काही बोललं तर?" तिचं चुकलं म्हणत नाही मी. धास्ती तिलाही होती.

ही धास्ती येते कुठून? टायटॅनिक सिनेमा टीव्हीवर पाहिला असेल. त्यात खालच्या वर्गातल्या गरीब पोराला वरच्या मजल्यावर जेवायला बोलावतात. त्याला जाता यावं म्हणून एक बाई आपल्या मुलाचा कोट त्याला उसना देते. सिनेमा असला तरी पद्धत खरी होती. त्या काळी बोटीवर पहिल्या वर्गाचं जेवण वेगळं, तिसऱ्या वर्गाचं वेगळं, आणि माणूस कोणत्या वर्गाचा हे कपड्यावरून कळायचं. म्हणजे नियम नुसता कपड्याचा नव्हता, कोणी कुठं बसायचं याचा होता. आपल्याकडे पंगतीत कोणाला कुठं बसवायचे ते आठवा. मला हे ओळखीचं वाटलं. काही कंपन्यांनी नंतर हे सगळं सैल केलं. नॉर्वेजियन नावाच्या कंपनीनं तर २००० सालापासून फॉर्मल रात्रीची सक्तीच काढून टाकली.

आता आपल्याच एका मुलीची गोष्ट सांगते. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. नवरा सोबत नाही. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने पाण्यावर, भोवती गोरी मंडळी. निघण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, भाषण करून त्यांनी सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. पुढे अमेरिकेच्या थंडीत नऊवारीनं पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी साडी नेसण्याची तऱ्हा बदलली, गुजराती पद्धतीनं नेसू लागल्या. साडी सोडली नाही. मला यातलं दोन्ही आवडतं. थंडी वाजत असताना हट्टानं कुडकुडत बसल्या नाहीत आणि कोणी हसेल म्हणून झगाही घातला नाही. १८८५ सालचा त्यांच्या कॉलेजातला एक फोटो आहे, शाळेच्या पुस्तकात किंवा मोबाइलवर मुलींना दाखवायला सांगा. तीन विद्यार्थिनी शेजारी-शेजारी आहेत. जपानची मुलगी किमोनोत, सीरियाची तिच्या देशाच्या वेषात आणि आपल्या आनंदीबाई साडीत. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या.

पण मावशींची भीती अगदीच खोटी होती असं म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. अपमान होतात, आणि समुद्रावर नाही, जमिनीवर होतात. २०२१ मध्ये दिल्लीच्या एका हॉटेलात साडी नेसलेल्या बाईला दारावरच सांगितलं की साडी स्मार्ट कॅज्युअलमध्ये बसत नाही. त्यावर देशभर गाजावाजा झाला. नंतर पाहतात तर त्या हॉटेलाकडं महानगरपालिकेचा परवानाच नव्हता! जुलै २०२४ मध्ये बंगळूरूच्या एका मॉलमध्ये हावेरीकडचा एक शेतकरी बाप मुलासोबत सिनेमा पाहायला गेला. हातात तिकीट होतं, अंगावर धोतर होतं. आत सोडलं नाही. कर्नाटक सरकारनं तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. तमिळनाडूत एका न्यायाधीशांना वेष्टी, म्हणजे त्यांचं धोतर, नेसल्यामुळे क्लबनं अडवलं, तर २०१४ साली तिथं कायदाच झाला की अशा कारणानं कोणाला अडवाल तर परवाना जाईल. आणि आपल्या नौदलानं, ज्यांचा जन्म बोटीवर जातो त्यांनी, २०२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली. म्हणजे इंग्रज गेल्यावर सत्त्याहत्तर वर्षं होत आली तेव्हा. असो.

बंगळूरूच्या त्या बातमीत मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की मुलगा शेजारी उभा होता. मावशींचंही तेच होतं. कपड्यांचं निमित्त होतं. सगळ्या गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मायाच्यानं पोराची मान खाली नाही गेली पाह्यजे." डोक्यावर पदर घेऊन जेवायचं की नाही, काट्या-चमच्यानं जेवता येत नाही, पाण्याचा पेला कोणता, हे सगळं त्या एका गाऊनमध्ये बांधून बसल्या होत्या. मी म्हटलं, मुलाला हेच विचारा. माझ्याशी बोलून काय उपयोग? त्यांनी त्याच रात्री फोन केला. मुलगा म्हणाला, "आई, मी पण तिथं हातानंच खातो." आता तो खरंच खातो की आईसाठी खाणार आहे, देव जाणे.

आणि कर्जाचं म्हणाल तर ते मावशींनी मागे घेतलं. आमच्या गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे. पाच हजारांवर पहिल्याच महिन्याला शंभर रुपये, तेही एका रात्रीच्या झग्यासाठी, जो दारव्ह्यात परत कधी घालायचा नाही. ते पाच हजार त्या महिन्यात एका मुलीच्या आयटीआयच्या फीला गेले.

आता जरा आपल्याकडे वळते, कारण बोटवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आपण मेळाव्याला एकसारख्या साड्या ठरवतो. रंग कोण ठरवतं? चार बोलक्या बाया. साडीचे साडेतीनशे, वर ब्लाउजची शिलाई. ज्या बाईला त्या महिन्यात मजुरीच नाही, ती काय करते? मेळाव्याला येत नाही आणि पोराला ताप आहे म्हणून सांगते. नवरात्रातले नऊ रंग तसेच. ज्यांच्या कपाटात नऊ रंग आहेत त्यांना मजा वाटते. मी एकसारख्या साडीच्या विरोधात नाही. रस्त्यानं पन्नास बाया एका रंगात निघाल्या की तहसीलदारही खुर्चीतून उठतो, हे मी पाहिलं आहे. पण रंग ठरवायचा तर असा ठरवा जो बहुतेकींच्या घरी आधीच आहे, नाहीतर ग्रामसंघाच्या पैशातून घ्या. तेही जमत नसेल तर एकसारखी ओढणी किंवा बिल्ला पुरतो.

ज्यांच्या पोरांनी खरंच तिकीट काढलं आहे त्यांच्यासाठी कामाचं सांगते. तिकिटासोबत कंपनीचा कपड्यांबद्दलचा कागद किंवा मेसेज येतो, तो कोणाकडून तरी शेवटपर्यंत वाचून घ्या. कुठल्याही बोटीवर जेवणाच्या हॉलमध्ये पोहण्याचे ओले कपडे आणि अनवाणी पाय चालत नाहीत, हे पुरुष मंडळींना आधी सांगा. बनियन-बर्मुड्यावर फिरायची सवय त्यांनाच असते. ज्या रात्री नटायचं मन नसेल त्या रात्री मोठ्या हॉलऐवजी बुफेत जेवा. मघाशी म्हटलं ना, जेवणाच्या जागा अनेक असतात, आणि बुफेत सहसा कोणी कपडे पाहत नाही. दोन रात्रींसाठी एक काठाची साडी आणि दोन सुती पुरतात. साडी घोट्याच्या वर नेसा, बोटीवर जिने फार. वरच्या गच्चीवर वारा इतका असतो की पदराला दोन पिना जास्तच लावा. टाचेची चप्पल नको, रबरी तळव्याची सपाट घ्या. आत एसी असतो, म्हणून शाल न्या. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच लिहून द्या. आधार कार्ड पिशवीत हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

आणि मुंबईला जायला धामणगावहून रेल्वे धरलीत तर उतरायचं शेवटच्या स्टेशनवर, सीएसएमटीला. बंदर तिथून जवळ आहे, पण सामान घेऊन पायी जाऊ नका, टॅक्सी करा. मावशी पुढच्या महिन्यात निघणार आहेत. सोबत शेंगदाण्याची चटणी नेऊ का, असं त्यांनी काल विचारलं. बोटीवर बाहेरचं खाणं नेऊ देतात की नाही ते कंपनीला विचारायला मी सुनेला सांगितलं आहे.