जुने बोलपट आणि मराठीचा ‘च’



देवनागरीत ‘जग’ लिहिले की दोन शब्द होतात. एक जग म्हणजे दुनिया. दुसरा म्हणजे ‘जिवंत राहा’. अक्षरे तीच, उच्चार वेगळे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ही असाच, एक तालव्य, एक दंततालव्य. बुऱ्हाणपुरात घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेली आमची मुले दोन्हीकडे हिंदीचाच ‘च’ वापरतात. त्यांना दोष कसा द्यावा? छापील पानावर हा फरक दिसतच नाही. तो कानानेच शिकायचा. म्हणून जुना बोलपट मला करमणुकीइतकाच उच्चारांचा दस्तऐवज वाटतो.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. विष्णुपंत पागनीसांचे अभंग सर्वांना आठवतात. माझे लक्ष मात्र गौरीबाईंच्या जिजाईकडे असते. इतकी रोखठोक, चुलीजवळची मराठी दुसरीकडे क्वचितच ऐकू येते. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. त्यांपैकी दामल्यांकडे प्रभातच्या ध्वनीचीही जबाबदारी होती.

अशा चित्रपटांच्या ज्या डिजिटल प्रती आपल्या हाती येतात, त्यांत पुष्कळदा आवाज ‘स्वच्छ’ केलेला असतो. गोम इथेच आहे. फितीची खरखर आणि स, श, च यांचे घर्षण हे दोन्ही ध्वनी उंच कंप्रतेच्या पट्ट्यात येतात. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात हा पट्टा मुळातच तोकडा. संगणकाने खरखर सरसकट पुसली की उरलासुरला ‘च’ही बोथट होतो, आणि फाइल लहान करताना आणखी झिजतो. ऐकणारा म्हणतो, वा, काय स्वच्छ आवाज!

दूरचित्रवाणीसाठी केलेल्या काही प्रतींत सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी धावतात. दोन तासांचा चित्रपट सुमारे पाच मिनिटे आधी संपतो आणि सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी, पण चढतोच. गाणाऱ्यांना हे लगेच खटकते. चित्राचे हाल तर उघड दिसतात: जवळजवळ चौकोनी चौकट रुंद पडद्यावर ताणली की माणसे बुटकी होतात, कापली की डोक्यावरची पगडी जाते.

मूळ फितीकडे पुन्हा जाऊ म्हणावे, तर ती नेहमी असतेच असे नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली, त्यात प्रभातचा ठेवाही जळाला. म्हणजे आज केलेली प्रत हीच उद्याची मूळ प्रत ठरू शकते.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात सार्वजनिक पैशातून जतनाचे काम होते. अकादमीने त्यांना एवढेच लिहावे: साफ केलेल्या ध्वनीसोबत न पुसलेला ध्वनीही अभ्यासकांना द्या, आणि प्रत कोणत्या फितीवरून, किती गतीने केली ते सुरुवातीच्या पाटीवर नोंदवा. खरखर आम्ही सोसू. वर्गातली मुलेही दहा मिनिटांत तिला सरावतात, असा माझा अनुभव आहे.