आधी चालवून बघा

एकेकाळी लष्कराची जोंगा गाडी घडवणाऱ्या जबलपूरला गाडीची पारख काही नवी नाही. तरी शोरूममध्ये दुचाकीची टेस्ट राइड मागताना पुष्कळजण संकोचतात. का? केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटवर नोंदणी न झालेली गाडीही ग्राहकाला रीतसर चालवून पाहता येते. खरं तर विक्रेत्यानेच आपणहून विचारावं.

लायसन्स आणि हेल्मेट सोबत न्या. शोरूमभोवतीच्या एका चकरेवर समाधान मानू नका. मागे घरचं माणूस बसवून मदनमहालचा चढ चढा, गोरखपूर बाजाराच्या गर्दीत क्लच हाताला किती जड जातो ते पाहा. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात ना? आणि हो, गाडी पडली तर खर्च कोणाचा, हे किल्ली घेण्याआधीच विचारा.